मदत हवी आहे : मराठा आरमारातल्या गलबताची वल्ही

मंडळी नमस्कार. मी देवगडचा. सागवानात गलबताची प्रतिकृती करतोय, प्रमाण 1:50. गुराब (मोठं, शिडाचं लढाऊ जहाज) नव्हे, वल्ह्यांचं गलबत.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत मोठ्या गलबताला 40 ते 50 वल्ही, दोन डोलकाठ्या आणि पुढच्या काठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड सांगितलंय. मागची काठी अगदी बारीक. लहान गलबतांवर वजन कमी राहावं म्हणून चिरलेल्या बांबूचा डेक असायचा. तो मी अगरबत्तीच्या काड्या चिरून केलाय, आणि खरं सांगायचं तर झक्कास झालाय!

घोडं अडलंय ते वल्ह्यांपाशी. ती काठावरच्या खुंट्यांना बांधायची की बाजूच्या फळीत भोकं पाडायची? डेक असताना वल्हेकरी नेमके कुठे बसत? मालवण, विजयदुर्गकडच्या जुन्या सुतारांकडून कुणी ऐकलं असेल तर जरूर सांगा. चित्रांवर माझा भरवसा नाही, त्यातली अर्धी युरोपातल्या जहाजांवरून काढल्यासारखी वाटतात.

आणखी एक, काथ्याच्या दोरासाठी बारीक धागा कुठला घेऊ? सुती धाग्याला फार लव दिसते.