पेरेंट प्लस कर्ज आणि आईचं ग्रीन कार्ड, दोन्ही एकदम आलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत असतो, वय ६१. प्रश्न जरा गुंत्याचा आहे, म्हणून आधी पार्श्वभूमी.

२००६ मध्ये एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलो. २००८ साली कंपनीने ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला आणि ईबी-२ या नोकरीवाल्यांच्या गटाच्या रांगेत उभा राहिलो. नोकरीवर मिळणारी कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि त्यावर देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारतीयांची रांग कशी सरकते ते वेगळं सांगायला नको. कार्ड हातात पडलं २०१८ ला. बायको एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), तिला २०१५ पर्यंत कामाची परवानगीच नव्हती. माझी पन्नाशी येईतो घर एका पगारावर चाललं, त्यामुळे थोरली कॉलेजला निघाली तेव्हा शिल्लक बेताचीच. कार्डाआधी फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज मिळालं नसतं, आणि कार्ड आलं त्याच वर्षी पेरेंट प्लस, म्हणजे मुलांच्या कॉलेजसाठी आई-वडिलांच्या नावावरचं सरकारी कर्ज, काढावं लागलं. योगायोग म्हणायचा!

पुढे धाकट्यासाठीही काढलं. दोघांचं मिळून १ लाख ३८ हजार डॉलर. २०१८ च्या कर्जाला ७.६० टक्के व्याज होतं, २०२४ च्या कर्जाला ९.०८. वर चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. हे कर्ज मुलांच्या नावावर करता येत नाही. थोरली जमेल तसे पैसे पाठवते, पण कागदोपत्री देणेकरी मीच.

आता खरी अडचण. दोनेक वर्षांत नोकरी सुटेल किंवा सोडावी लागेल. २०२५ च्या नव्या कायद्यामुळे उत्पन्नावर आधारित हप्ता हवा असेल तर १ जुलै २०२६ च्या आत कर्जांचं कन्सॉलिडेशन (सगळी मिळून एकच नवं कर्ज) करावं लागतंय. दुसरीकडे वाईला आई ८४ वर्षांची, एकटी. मी २०२४ मध्ये सिटिझन झालो, त्यामुळे तिच्यासाठी आय-१३० (नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) टाकू शकतो, आणि आई-वडिलांना कोट्याची रांग नाही. पण तिच्यासाठी आय-८६४ भरायचा, म्हणजे मी तिला पोसू शकतो हे लिहून द्यायचं.

थोडक्यात, हप्ता कमी बसायला उत्पन्न कमी हवं आणि आईच्या कागदांना ते पुरेसं हवं. हे दोन्ही एका टॅक्स रिटर्नवर कसं जमवायचं? कर्ज बघून आईचा अर्ज अडवतील का? बायकोपासून वेगळं रिटर्न भरावं का? आणि धाकट्याचं एक सेमिस्टर सप्टेंबरमध्ये उरलंय, त्याचं काय?

कर्जाचे हप्ते घेणाऱ्या कंपनीला फोन केला की दर वेळी नवा माणूस नवं काहीतरी सांगतो. म्हणून इथे विचारतोय.

कृष्णाकाठ: काका, दोन्हीकडची 'उत्पन्ना'ची मोजणी वेगळी आहे, आणि ती तुमच्या पथ्यावर पडेल. हप्ता ठरतो एजीआयवर (टॅक्स रिटर्नवरचं, ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न), आणि त्यात सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) फक्त करपात्र भाग धरतात, जास्तीत जास्त ८५ टक्के. आय-८६४ ला मात्र करमुक्त भागही पुराव्यासकट दाखवता येतो. तिथली अट गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांची. तुम्ही, काकू, मुलगा आणि आजी असे चौघे धरले तर वर्षाला चाळीस हजारांच्या थोडं वर.

उत्पन्नावर भागत असेल तर तिथे कर्ज विचारत नाहीत. उत्पन्न कमी पडलं आणि घर वगैरे मालमत्ता दाखवली, तर त्या मालमत्तेवरचं देणं वजा होतं. वेगळं रिटर्न भरलंत तरी काकूंना आय-८६४ए (घरातल्या दुसऱ्या कमावत्याचा फॉर्म) भरून त्यांचं उत्पन्न जोडता येईल. फक्त विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची वजावट जाते, तेव्हा सीएंकडून दोन्ही आकडे काढून घ्या.

एक लक्षात असू द्या. आय-८६४ ची जबाबदारी आजी सिटिझन होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत राहते. आजी या वयात कुठली नोकरी करणार! शिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायलाही सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. विम्याचं गणित आधी मांडा, माझ्या मते हप्त्यापेक्षा तेच मोठं आहे.

मेथीची_जुडी: कन्सॉलिडेशनचा नुसता अर्ज १ जुलैच्या आत जाऊन चालत नाही, काम पूर्ण व्हायला हवं. आजच बसा. मग आधी आयसीआर निवडायचा, त्यात एक हप्ता भरायचा आणि नंतर आयबीआरमध्ये जायचं (दोन्ही उत्पन्नावर आधारित हप्त्याच्याच योजना). आयसीआर २०२८ च्या जुलैला बंद होतोय. आयसीआरमध्ये गरिबी रेषेच्या वरच्या उत्पन्नाचे २० टक्के, तर आयबीआरमध्ये रेषेच्या दीडपटीवरचे १५ टक्के. निवृत्तीत एजीआय ४५ हजारांवर आला आणि घरात दोघंच धरलेत, तर आयबीआरचा हप्ता महिन्याला १५५-१६५ डॉलरच्या आसपास बसेल.

शेवटच्या सेमिस्टरसाठी १ जुलैनंतर नवं पेरेंट प्लस अजिबात काढू नका. त्याने जुन्या कर्जांचीही उत्पन्नावरच्या हप्त्याची ही सोय जाते.

आणि काही झालं तरी कर्ज डिफॉल्टमध्ये (थकबाकीत) जाऊ देऊ नका. कायद्याने सोशल सिक्युरिटीतून १५ टक्क्यांपर्यंत कापता येतात, आणि महिन्याला ज्या ७५० डॉलरना हात लावत नाहीत तो आकडा १९९६ पासून तसाच आहे. वाईला जाऊन राहिलात तरी हे सुटत नाही.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. एजीआयचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. कन्सॉलिडेशनचा अर्ज आज रात्रीच भरतो. सेमिस्टरसाठी धाकट्याच्या नावावर खाजगी कर्ज काढून मी को-साइन करावं (जामीन राहावं), की कॉलेजच्या मासिक हप्त्यांवर भागवावं? ८४ वर्षांच्या नव्या ग्रीन कार्डधारकाचा विमा कोणी काढला असेल तर तेही लिहा, व्यनि केलात तरी चालेल.