मदत हवी आहे: गुहागरला चार दिवस घर घेतलंय, पेट्रोलचा खर्च कसा आवरू?

गवतीचहा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुहागरला चार रात्रींसाठी कौलारू घर घेतलंय. मागे वाडी, पुढे पाच मिनिटांवर समुद्र. भाडं परवडलं म्हणून खुशीत होते, तर काल रात्री ह्यांनी पेट्रोलचा हिशोब मांडला आणि माझा चेहरा उतरला.

गाडी नऊ वर्षांची, १२०० सीसी पेट्रोल. हायवेला १८ देते, घाटात १३, म्हणून अ‍ॅव्हरेज १५ धरलंय. पुणे-गुहागर २७५ किमी, म्हणजे जाऊन-येऊन ५५०. शिवाय एक दिवस गणपतीपुळे (चिपळूणवरून १५०, येऊन-जाऊन ३००), एक दिवस दापोली (२१०), एक दिवस वेळणेश्वर-हेदवी (५०). एकूण १,११० किमी, ७४ लिटर. लिटरला १०४ धरले तर ७,७०० रुपये! ठाण्याहून धाकटे दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा स्वतःची गाडी घेऊन येणार, ते वेगळंच.

मामांचे दोन सल्ले आहेत: टाकी पुण्यातच फुल्ल करा, कोकणात पेट्रोल महाग, आणि कुंभार्ली घाट न्यूट्रलमध्ये उतरा. करू का तसं? घरमालक म्हणतात सिलिंडर आणि गीझरचे पैसे वेगळे, त्यावरही काही सुचवा. सासूबाई आणि दोन मुलं बरोबर आहेत, त्यामुळे एसटीने जा म्हणू नका.

घाटवळण

बाकीचं नंतर, आधी न्यूट्रल. अजिबात करू नका! मामांची पहिली गाडी कार्ब्युरेटरवाली असणार. तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडलात की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल टाकलंत की इंजिन सुरू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचायचं सोडून उलट जळतं. आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाट संपता संपता ब्रेक तापून पॅडल मऊ लागायला लागलं की मग कळतं. ज्या गिअरने चढाल साधारण त्याच गिअरने उतरा.

टाकीचं म्हणाल तर फरक लिटरमागे रुपया-दोन रुपयांचा. अख्ख्या टाकीमागे एका वडापावच्या प्लेटचे पैसे. पंप चिपळूणला आहेत, शृंगारतळीला आहेत. निघताना हवा मात्र तपासा, आणि माणसं भरून जाताय तर गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी जो आकडा दिलाय तेवढी भरा. टपावर कॅरिअर असेल तर काढून ठेवा. रिकामा कॅरिअरसुद्धा हायवेला वारा अडवतो.

सोडणवाला

ताई, मी गुहागर तालुक्यातलाच. तुमचा हिशोब परत वाचा. पुण्याहून येण्या-जाण्याचे ५५० आणि इथे आल्यावर फिरायचे ५६०. खर्च पुण्याच्या रस्त्यावर नाही, तो इथल्या भटकंतीत आहे. आणि त्याचं कारण म्हणजे नकाशा तुम्हाला दर वेळी चिपळूणला नेतोय. चिपळूण ४५ किमी मागे आहे हो! पुढे जायचंय आणि आधी मागे जाताय.

गणपतीपुळ्याला जायला हेदवीवरून तवसाळला उतरा. तिथून फेरीबोटीने गाडीसकट जयगड, मग मालगुंडवरून पुळे. एका बाजूला साठ किमीच्या आतबाहेर. वेळणेश्वर-हेदवी वाटेवरच आहेत, त्यासाठी वेगळा दिवस कशाला? आमचे लोक फेरीबोटीला ‘जंगलजेट्टी’ म्हणतात, विचारताना तसं विचारा.

दापोलीला जायचंच असेल तर धोपाव्याहून दाभोळ, तीही फेरीच. २००३ पासून चालू आहे. एका बाजूचे पन्नासच्या आत येतात. तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. ते धरूनही फायदाच. पण खरं सांगू? चार दिवसांत पुळे आणि दापोली दोन्ही करायला निघालात तर घर घेतलंत कशाला, गाडीतच झोपा.

कुडाळकर_काकू

सोडणवाला, फेरी चुकली तर? शनिवार-रविवारी रांग लागते. आम्ही दाभोळला सव्वा तास उभे होतो, एसी चालू ठेवून. वाचवलेलं पेट्रोल तिथेच जळलं.

सोडणवाला

काकू, इंजिन बंद करायचं आणि खाली उतरून खाडी बघायची, त्याला पैसे पडत नाहीत 🙂 ताई, मधल्या वारी जा. शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. आणि फेरी चुकलीच तर चिपळूण नको, भातगावच्या पुलावरून आबलोलीला या. रस्ता वळणांचा आहे, पण चिपळूणपेक्षा पुष्कळ जवळ.

पासधारक

ठाण्याच्या दिरांना गाडी आणूच देऊ नका. ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस पकडायची, दुपारपर्यंत चिपळूण. चिपळूणहून गुहागरला एसटी आहेच (तुम्हाला एसटी नको, दिरांना चालेल!). तीन माणसांसाठी पाचशे किमी गाडी हाकणं म्हणजे तीन-साडेतीन हजारांचं पेट्रोल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, डिसेंबरचं पटकन भरतं, तेव्हा आजच बघायला सांगा.

दोन_नाके

पुण्याहून सातारा-उंब्रज-पाटणमार्गे जाणार असाल तर खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोलनाके धरा. ताम्हिणी-माणगाव-महाडमार्गे अंतर साधारण तेवढंच. कोथरूड-बावधनला राहत असाल तर ताम्हिणी, हडपसरला असाल तर सातारा. शहर ओलांडण्यात जे पेट्रोल जातं ते कुणी मोजतच नाही. पहाटे पाचला निघा.

आणि अ‍ॅव्हरेज १५ धरलंय ते बरं केलंत. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. गाडी जुनी आहे, थोडा फरक जाणवणारच. महागडं ‘प्रीमियम’ पेट्रोल भरून तो भरून निघेल असं वाटत असेल तर पैसे वाया जातील.

माडाखाली

घराच्या इंधनाबद्दल कुणीच बोलेना. मालकांना एवढंच विचारा: बंब आहे का? माडाची वाडी आहे म्हणजे सोडणं (नारळाची वरची सालं), करवंट्या, वाळलेल्या झावळ्या ढिगाने पडलेल्या असणार. डिसेंबरात सगळं खडखडीत वाळलेलं असतं. सकाळी बंब पेटवला की आठ जणांच्या आंघोळी होतात, गीझरचं मीटर फिरत नाही. पेटवायला मात्र मालकांकडून शिकून घ्या, पहिल्या दिवशी नुसता धूर होतो. सिलिंडर वजनावर घेतात की सरसकट तेही आधीच ठरवा. सरसकट घेत असतील तर दुपारचं जेवण शेजारच्या घरगुती खानावळीत सांगून टाका. मोदकांसाठी तासभर गॅस जाळून वर पैसे देण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार. दापोली रद्द, मुलं रुसलीत. दिरांचं मांडवीचं आरक्षण झालं. मामांना इंजेक्टरचं सांगितलं, ते म्हणाले, “तुमच्या नव्या गाड्यांमध्ये काही दम नाही.”

गवतीचहा (परत आल्यावर)

विचारणाऱ्यांसाठी हिशोब. गाडी ७६५ किमी फिरली, पेट्रोल ४६ लिटर, फुल्ल टू फुल्ल मोजलं. पावणेपाच हजारांच्या जरा वर. फेरीचं तिकीट वेगळं.

पुळ्याला आम्ही चौघंच गेलो: सासूबाई, हे, मी आणि जाऊबाई. दीर तिन्ही पोरांना घेऊन समुद्रावर राहिले, आणि खरं तर तेच मजेत होते. जाताना तवसाळला वीस मिनिटं थांबावं लागलं, येताना फेरी चुकली आणि भातगावच्या पुलावरून अंधारात यावं लागलं. सोडणवाला, वळणांबद्दल तुम्ही जरा कमीच सांगितलं होतंत!

बंब तिसऱ्या दिवशी जमला. घाट गिअरमध्ये उतरलो. परतीचं अ‍ॅव्हरेज मात्र विचारू नका. सासूबाईंनी वाडीतले चाळीस नारळ डिकीत भरून घेतले होते.