पॅलेस्टिनी चित्रफिती आणि ध्वनिफिती: हरवले काय, उरले काय?

रीळवेडी (प्रश्न)

आमच्या चित्रपट अभ्यास मंडळासाठी मी पॅलेस्टिनी चित्रपटांवर एक टिपण तयार करीत आहे. जे काही वाचते आहे, त्यात एक वाक्य हमखास भेटते: पॅलेस्टिनी चित्रपटांचा संग्रह १९८२ मध्ये बैरूतमध्ये हरवला. आता रिळांचे डबेच्या डबे काही छत्रीसारखे हरवत नाहीत. शिवाय त्या काळातले काही चित्रपट आज पाहायलाही मिळतात. तेव्हा हरवले ते नेमके काय आणि उरले ते कसे, हे मला नीट उमगलेले नाही. दुसरी शंका तांत्रिक आहे. सापडलेले रीळ किंवा कॅसेट एकदा संगणकात उतरवून घेतली की जतनाचे काम संपले, असे धरून चालता येईल का? जाणकारांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

जुनी_प्रिंट

आपला संशय रास्त आहे. ‘हरवला’ हा शब्द फार सोयीचा आहे, कारण त्यात कर्ता लागत नाही.

थोडे मागून सुरू करतो. १९६८ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये सुलाफा जादल्लाह, हानी जौहरिये आणि मुस्तफा अबू अली या तिघांनी तुटपुंज्या साधनांवर एक फिल्म युनिट उभे केले. जादल्लाह कैरोमध्ये छायाचित्रण शिकून आल्या होत्या. १९७० च्या सप्टेंबरपासून जॉर्डनच्या सैन्याशी झालेल्या संघर्षानंतर पॅलेस्टिनी संघटनांना जॉर्डन सोडावे लागले आणि हे कामही त्यांच्यामागोमाग लेबनॉनच्या राजधानीत, बैरूतला गेले. जौहरिये १९७६ मध्ये लेबनॉनच्या डोंगराळ भागात चित्रीकरण करीत असतानाच मारले गेले. बैरूतमध्ये खदीजा हबाश्ने यांनी संग्रहाची व्यवस्था लावली. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायलने लेबनॉनवर आक्रमण केले, ऑगस्टच्या अखेरीपर्यंत पी. एल. ओ. चे (पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे) लढवय्ये आणि कार्यालये बैरूतबाहेर पडली आणि तो संग्रह त्याच्या मालकांच्या दृष्टीआड झाला.

आता ‘उरले कसे’ याविषयी. पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या अनेक प्रती निघत आणि त्या महोत्सवांना, कामगार संघटनांना, दूरदेशीच्या पाठिराख्यांना पाठवल्या जात. त्या वेळी हा प्रचाराचा भाग होता. आज तोच विमा ठरला आहे. तल अल-झाअतर ही बैरूतमधील निर्वासितांची छावणी १९७६ मध्ये शत्रूच्या हाती पडली, त्यावरचा १९७७ चा चित्रपट इटालियन सहनिर्मितीत तयार झाला होता, म्हणून त्याची सामग्री रोममधील कामगार चळवळीच्या दृक्‌श्राव्य अभिलेखागारात टिकली. टोकियोतही पॅलेस्टाईनच्या पाठिराख्यांनी १६ मिलिमीटरचे वीस चित्रपट कित्येक दशके सांभाळले. ते मुहन्नद याकूबी या दिग्दर्शकाच्या हाती आले आणि २०२२ मध्ये त्यांनी त्यांवरच एक चित्रपट केला. प्रती निघाल्या नाहीत त्या मूळ निगेटिव्हच्या आणि संकलनात न वापरलेल्या चित्रीकरणाच्या. इतिहासाच्या दृष्टीने तोच भाग अधिक मोलाचा, कारण संकलक जे गाळतो त्यातच छावणीतली रोजची गल्ली असते, पाण्याची रांग असते, कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारे मूल असते.

आणि कर्त्याविषयी. सप्टेंबर १९८२ मध्ये इस्रायली सैन्याने बैरूतमधील पॅलेस्टाईन संशोधन केंद्राचा संग्रह उचलून नेला. १९८३ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत तो परत करावा लागला आणि अल्जीरियाला गेला. तो मुख्यतः कागदपत्रांचा होता. चित्रफितींचे तसे झाले नाही. इस्रायली संशोधक रोना सेला यांनी वर्षानुवर्षे कायदेशीर पाठपुरावा केला आणि बैरूतहून आणलेल्या चित्रफिती इस्रायली सैन्याच्या अभिलेखागारात आहेत, हे २०१७ च्या आपल्या माहितीपटातून दाखवून दिले. म्हणजे निदान काही भाग हरवलेला नाही. तो कुठे आहे हे ठाऊक आहे.

नाद_लहर

मी ध्वनिफिती उतरवण्याचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या शंकेपुरते लिहितो.

त्या काळातल्या १६ मिलिमीटर फिल्मचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ती प्लॅस्टिकची पट्टी, बहुधा अ‍ॅसिटेटचा असतो. उष्ण, दमट जागेत ठेवलेला डबा उघडला की आधी आंबट वास नाकात शिरतो, कारण पायातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागलेले असते. तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते आणि बंद डब्यात कोंडून राहिले तर शेजारच्या रिळालाही लागते. फिल्म आखडते, कडांना लाटा येतात, छिद्रांमधले अंतर कमी होते आणि मग ती जुन्या प्रोजेक्टरच्या दात्यांवर चढवणे म्हणजे ती फाडणेच. अशा वेळी दात्यांविना, रुळांवरून फिल्म सरकवणारा स्कॅनर लागतो. थंड आणि कोरड्या जागेत ठेवल्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

कॅसेटची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात गाणी कॅसेटवरूनच फिरत होती. १९८७ च्या अखेरीस उठाव सुरू होताच रियाद अव्वाद या संगीतकारांनी बहिणींना सोबत घेऊन घरच्या घरी, स्वतः जुळवलेल्या उपकरणांवर गाणी ध्वनिमुद्रित केली. तीन हजार कॅसेट काढल्या आणि त्यांतल्या बहुतेक इस्रायली सैन्याने जप्त केल्या. त्यातून सुटलेली एक प्रत मोमिन स्वैतात या पॅलेस्टिनी कलावंतांना वेस्ट बँकेतील जेनीन शहरात, एका जुन्या कॅसेट कंपनीच्या पडून राहिलेल्या साठ्यात सापडली, म्हणून आज ती गाणी ऐकू येतात. हजारो कॅसेटच्या त्या ढिगात लग्नातली गाणीही होती. माझ्या मते लग्नातल्या गाण्यांचे महत्त्व अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही, कारण गाव, बोली आणि वाद्ये यांची मिळून नोंद तिथेच होते.

अशी कॅसेट हाती आली की ती लगेच वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. आत पट्टीला हेडवर (यंत्रातील ध्वनी वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी असते. तिचा गोंद सुकलेला असतो आणि ती पहिल्याच फेरीत गळून पडते. मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन कान मोडलेले नसतील तर आधी ते मोडावेत, नाहीतर एका चुकीच्या बटणाने मूळ ध्वनी पुसला जाईल. मग प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन पुन्हा जुळवावा लागतो, कारण ती ज्या यंत्रावर भरली गेली त्याचा कोन आपल्या यंत्रासारखा असेलच असे नाही. हे केले नाही की वरचे सूर बोथट होतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की मूळ ध्वनिमुद्रणच वाईट होते. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या मानाने, न दाबलेल्या स्वरूपात उतरवून घ्यावे. खरखर काढायची असेल तर ती दुसऱ्या प्रतीतून. मूळ उतरवणीला हात लावू नये.

आणि नाही, इथे काम संपत नाही. संगणकातली प्रत एकाच ठिकाणी असेल तर तिची अवस्था रिळापेक्षा बरी नसते. २०२३ च्या अखेरीस गाझा शहराच्या नगरपालिकेचे मध्यवर्ती अभिलेखागार जळाले, तेव्हा पुष्कळ कागदांची दुसरी प्रतच कुठे नव्हती.

रीळवेडी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका मात्र उरते, आणि ती विचारताना थोडे अवघडल्यासारखे होत आहे. सैन्याच्या अभिलेखागारात तापमान सांभाळले जात असेल, डबे फळीवर नीट लावलेले असतील, तर निव्वळ जतनाच्या अर्थाने त्या चित्रफिती सुरक्षितच म्हणायच्या ना?

नोंदवही

प्रश्न अवघड असला तरी योग्य आहे. मी अभिलेखागारात नोंदसूचीचे काम केले आहे, म्हणून माझे उत्तर त्याच बाजूने येईल: फिल्म सुरक्षित असेल, चित्रपट नाही.

डब्यावर काय लिहिले आहे, यावर पुढच्या माणसाला त्यात काय दिसणार हे ठरते. सेला यांचा मुख्य आक्षेप हाच आहे. ताब्यात घेतलेल्या सामग्रीची नोंद ताबा घेणाऱ्याच्या शब्दांत होते, मूळ लेबले आणि निर्मात्यांची नावे बाजूला पडतात, आणि पाहण्याची परवानगीही त्याच संस्थेच्या मर्जीवर राहते. एखाद्या शाळेच्या कवायतीची नोंद ‘शत्रूचे प्रशिक्षण’ अशी झाली, तर शिक्षणाच्या इतिहासाचा अभ्यासक त्या डब्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. (हे उदाहरण समजावण्यापुरते, माझ्या मनचे आहे.)

उलट बाजूही पाहावी. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात निर्वासितांच्या पहिल्या पिढीच्या मौखिक साक्षींचा एक हजार तासांहून मोठा संग्रह आहे. तो वापरता येतो, कारण कोणत्या मिनिटाला कोणते गाव, कोणता माणूस, कोणती घटना येते याची सूची बसून केली गेली. यु. एन. आर. डब्ल्यू. ए. चा (पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेचा) छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा संग्रह २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत गेला. तो मोठा आणि अत्यंत उपयुक्त आहे, परंतु तो मदतसंस्थेच्या नजरेने टिपलेला आहे. त्यात माणसे रांगेत अधिक आणि मैफलीत कमी दिसतात. रांगेतला तो चेहरा कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. मला निवड करायला सांगितली तर मी आणखी एका स्कॅनरपेक्षा त्यांच्यासमोर बसून प्रत्येक चौकटीतली नावे लिहून घेणाऱ्या दोन माणसांवर पैसे खर्च करीन.

नाद_लहर

स्कॅनरवर अन्याय होतो आहे. नावे सांगणाऱ्याला दाखवायला आधी चित्र तर हवे.

नोंदवही

मान्य. निदान दोन्ही कामे एकाच अंदाजपत्रकात असावीत, एवढा माझा आग्रह ठेवतो.

रीळवेडी

टिपणातले ते वाक्य मी बदलले आहे, आता ‘संग्रह १९८२ मध्ये निर्मात्यांच्या ताब्यातून गेला, त्यातील काही चित्रफिती इस्रायली सैन्याच्या अभिलेखागारात आहेत’ असे लिहिले आहे. शेवटचे विचारते. परदेशात जपलेली एखादी प्रत आम्हाला दाखवायला मिळाली आणि तिच्यावर त्या देशाच्या भाषेतील निवेदन असेल, तर ते काढून अरबी ध्वनी बसवलेली आवृत्ती शोधावी का?

जुनी_प्रिंट

मिळाल्यास जरूर शोधावी, पण ती दुसरी म्हणून. आधी निवेदनासकट, ओरखड्यांसकट हाती आलेली प्रतच दाखवावी, आणि मराठी भाषांतर पडद्यावर न छापता छापील कागदावर द्यावे.