तुमच्या रस्त्यावरची झाडं तुम्ही कशी जगवता? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा

पावसाळा आला की रोपं लावतानाचे फोटो धो धो येतात, पण एप्रिलच्या उन्हात त्याच रोपाला बादलीभर पाणी घालणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. अशी माणसं आपल्याकडे बरीच आहेत, म्हणून हा धागा. काय करता, कशाने करता, कोण मदत करतं, सगळं लिहा.

नौपाडा
आमची सगळी झटापट सिमेंटशी. फुटपाथ नवीन झाला तेव्हा कंत्राटदाराने सोनमोहराच्या खोडाला टेकवून काँक्रीट ओतलं, म्हणजे मुळांना ना हवा ना पाणी, आणि असं झाड जुलैच्या वाऱ्यात आडवं झालं की लोक म्हणणार झाडंच धोकादायक. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत सांगितलंय की खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, त्या आदेशाची झेरॉक्स आमच्या पिशवीत कायम असते. आधी वॉर्डात पत्र देतो, मग छिन्नी-हातोडी. ब्रेकर अजिबात नको, मुळं अगदी वर असतात. काँक्रीटचा तुकडा उचलला की खाली मूळ चपटं होऊन त्याला चिकटलेलं दिसतं, माती कोरडी ठक्क, गांडूळ औषधालाही नाही. आळं मोकळं करून त्यात पालापाचोळा घालतो, तो रस्ता झाडणाऱ्या ताईच आता गोळा करून देतात, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

कोपरखैरणे
आम्ही रविवारी खिळे काढतो. क्लासेस, रूम भाड्याने, मूळव्याध, सगळ्या पाट्या झाडावरच! नवीन खिळा लांब दांड्याच्या पकडीने येतो, पण जुन्यावर साल चढलेली असते, तो खणायला गेलं की झाडाला आणखी मोठी जखम, म्हणून तो राहू देतो. पाटीवरच्या नंबरवर फोन करून नीट सांगितलं की बरेच जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा सांगायचा, त्यात झाडाला कुठलीही इजा करणं हे तोडण्यातच धरलंय.

ऐरोली
एसीचं पाणी! सोसायटीतल्या एसीच्या नळ्या खाली कॅनमध्ये सोडल्यात, गेटबाहेरच्या बहाव्याच्या नि ताम्हणाच्या रोपांचा उन्हाळा त्याच्यावरच निघतो.

वाशी
माझं वय झालं, खोदणं जमत नाही, पण छाटणीची गाडी आली की मी खाली जाऊन उभी राहते. एकाच बाजूच्या फांद्या उडवल्या की झाडाचा तोल जातो, हे त्या मुलांना शांतपणे सांगितलं की ऐकतात हो. मागे गुलमोहराची वाळकी फांदी कापायला निघाले होते, तिच्यात तांबटाचं घरटं, गोल भोकातून पिल्लाची चोच बाहेर. सुपरवायझरला दाखवलं, त्याने फांदी ठेवली. समोरचा वर्षावृक्ष मात्र नाही वाचला. पिठ्या ढेकणाने पार पांढरा झाला होता, सगळ्यांनी धावपळ केली पण फवारा वरपर्यंत पोचेस्तोवर पानंच उरली नव्हती. अजून जीव हळहळतो.

कळवा
लोखंडी जाळ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही का? रोपाभोवती लावलेली जाळी झाड वाढलं तरी तशीच राहते आणि खोडात रुतते, आमच्याकडे एका करंजाने आख्खी कडी पोटात घेतलीय. आम्ही हॅक्सॉने कापतो, बाहेर आहे तेवढीच, आतली ओढत नाही. कोपरखैरणेवाले, तुमच्याकडे अशी झाडं असतील तर सांगा, ब्लेडं घेऊन येतो, तुमची ती लांब दांड्याची पकड पण बघायचीय, आमच्याकडच्या पाट्या फार उंचावर आहेत.