टोटल लॉस झालेली थार घ्यावी का? रविवारी निपाणीला बघायला चाललोय

काजूबाग_खानापूर

मंडळी, नमस्कार. जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग आणि थोडं भात आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला. जून ते सप्टेंबर बागेकडचा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसता तांबडा चिखल. मोटरसायकल देवळापाशी लावायची आणि खताचं पोतं खांद्यावर घेऊन चालायचं. मला चालतंय, पण आईचे गुडघे आता ऐकत नाहीत आणि बागेत गेल्याशिवाय तिला करमत नाही. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद मिळणारी गाडी बघायलोय.

निपाणीत एका एजंटाकडं थार सीआरडीई मिळायली आहे. २०१५ चं मॉडेल, एमएच-१० म्हणजे सांगली पासिंग, दुसरा मालक चंदगडकडचा. मागणी ३ लाख ७० हजार. तसल्याच थारला आमच्या इकडं साडेपाच-सहा सांगतात. एवढी स्वस्त कशी म्हणून विचारलं तर म्हणाला, "टोटल लॉसची आहे साहेब, लपवत नाही. चोर्ला घाटात पलटी झाली, टप, काच आणि मडगार्ड गेलं. चासीला बोट लागलेलं नाही."

लपवत नाही म्हणाला तिथंच मला माणूस आवडला. मेव्हणा म्हणतो, धोका नेमका तिथंच आहे.

टोटल लॉस म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनीनं पैसे देऊन टाकलेली गाडी, एवढं कळतं. आरसी बघितली. टोटल लॉसचा शब्दसुद्धा नाही तिच्यावर, कोरी आहे. मग हे कळायचं कसं? आणि गाडीत काय बघू? मी फिटर नव्हे. मायक्रोमीटर धरता येतो, एवढंच.

चासीवाला_अण्णा

मायक्रोमीटर घरी ठेव. गवंड्याकडचा ओळंबा, खडू आणि मीटर टेप घेऊन जा.

मी अठ्ठावीस वर्षं डेंटिंग करतोय, पलटी झालेल्या जीपा शेकड्यानं सरळ केल्यात. थारचा हौदा, म्हणजे बॉडी, खालच्या लोखंडी चौकटीवर, म्हणजे चासीवर, बोल्टानं बसवलेला असतो. हौदा चेपला तर ठोकून येतो, नाहीतर दुसरा मिळतो. चासी पिळली की गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालते, टायर खाते, आणि लोक अलाइनमेंटवाल्याला शिव्या घालत बसतात.

गाडी सपाट जागी उभी कर, शहाबादी फरशी मिळाली तर उत्तम. खाली शिरून चासीवर चार ठिकाणं धर. पुढं डावी-उजवीकडचा एकाच जागेचा बोल्ट आणि मागं कमानपाट्यांच्या हँगरचे बोल्ट. प्रत्येक बोल्टाच्या मध्यावरून ओळंबा सोड आणि खाली खडूनं फुली मार. मग गाडी ढकलून बाजूला काढ आणि दोन्ही कर्ण मोज. असल्या मापात तीन-चार मिलिमीटर इकडंतिकडं होतंच. दहाच्या पुढं गेलं तर चहासुद्धा न पिता परत ये. दोन्हीकडचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतरही मोज, स्टेअरिंग सरळ ठेवून.

माप जमलं तरी समोरची दोन टोकं बघ. तिथं घडी पडल्यासारखी वळी, कुणीतरी ओढलेल्या वेल्डिंगची रेघ किंवा एवढ्याच भागाला वेगळा काळा रंग दिसला तर समज. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं असतं, आमचं कितीही चांगलं असलं तरी हाताचंच.

चासी नंबर कोरलेली जागा थिनरच्या फडक्यानं पूस. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची हवीत. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा लांबी (पुट्टी) भरलेली दिसली तर विषय बंद. महिंद्राचा नंबर सतरा अक्षरांचा, एमए१ नं सुरू होतो.

आणि पलटी झाली म्हणतो ना? मग समोरच्या काचेची चौकट आणि बिजागऱ्या बघ. पलटी झालेल्या जीपला पहिला मार तिथं बसतो. बोल्टाच्या डोक्यावरचा रंग उडालेला असला तर पाना फिरलाय. नसला तर मग एजंटाला विचार, नक्की काय बदललं म्हणून.

कागदवाला_चिक्कोडी

आरसी कोरी असणारच. अमेरिकेत असल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्काच मारतात, आपल्याकडं तसली पद्धत नाही. विम्याचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. कधी मालक सांगाडा स्वतःच ठेवून घेतो, मग त्याची किंमत वजा करून बाकीचे पैसे मिळतात. तो सांगाडा कुणीतरी उभा करतो आणि पेपर तेच चालू राहतात. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सगळेच करतात असं नाही. त्यातूनच चोरीच्या गाडीवर मेलेल्या गाडीचा नंबर चढवायचे धंदे चालतात. अण्णांनी थिनर सांगितलाय तो त्यासाठीच.

एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, बघून शोध लावतो म्हणणारे बरेच भेटतात. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दुसऱ्या मालकाच्या पॉलिसीवरून तुला काहीही कळणार नाही, त्याचं खातं वेगळं असतं. पहिल्या मालकाची पॉलिसी मिळव. नाही मिळाली तर सरळ त्याला फोन लाव. नंबर एखाद्या जुन्या सर्व्हिस बिलावर असतो. त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही, त्याचे पैसे कधीच मिळालेत.

बाकी नेहमीचं. एमपरिवहन ॲपवर कर्ज, इन्शुरन्स आणि ब्लॅकलिस्ट बघ. दोन्ही राज्यांची चलनं बघ. कर्ज होतं तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घे. गाडी बेळगावला केए-२२ वर आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, शिवाय मालकी बदलायचे २९ आणि ३०. कर्नाटकचा लाईफ टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धरूनच घासाघीस कर. एमएच पासिंगवर बारा महिन्यांपेक्षा जास्त फिरवता येत नाही.

आणि जाण्याआधी कुठल्यातरी विमा कंपनीला विचार, या गाडीला फुल इन्शुरन्स देणार का. थर्ड पार्टी मिळेल, दुसऱ्याचं नुकसान भरून निघेल. तुझी गाडी बागेच्या ओढ्यात गेली तर तुझं तू बघायचं.

जिप्सी_हलगा

मी २०२० मध्ये पाण्यातली, म्हणजे पाण्यात बुडालेली, जिप्सी घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं ती पाण्यातली आहे. पहिले आठ महिने राणीसारखी चालली. मग एका रात्री हॉर्न आपोआप वाजायला लागला, गल्ली उठली. मग वायपर. मग चालता चालता बंद. वायरिंगच्या प्रत्येक जोडात हिरवं जंगाल. आजअखेर वायरिंगवर इतके पैसे गेलेत की बायकोला आकडा सांगितलेला नाही, इथंही सांगत नाही, ती वाचते.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. सगळे कार्पेट धुतात, बेल्टचं शेवटचं वीतभर कुणी धूत नाही.

काजूबाग_खानापूर

अण्णा, एजंट म्हणतो बघा, चालवा, पण पाना लावायचा नाही. कसं करायचं?

चासीवाला_अण्णा

मग बघू पण नको. डिफ्रन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा, ऑइल भरायचा बोल्ट सोडून करंगळी आत घातल्याशिवाय जीप घेणारा माणूस मी अजून बघितला नाही. ऑइल सांडलं तर नवीन भरून देतो म्हण.

काजूबाग_खानापूर

जाऊन आलो. जरा लांबलंय, वाचा.

आमच्या कंपनीजवळचा डिझेल फिटर बरोबर घेतला. त्याला मराठी कळतं पण तो बोलतो कन्नडच. अण्णांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवल्यावर एजंट हसला आणि म्हणाला, लावा पाना.

ओळंबा आधी. गाडी एका तंबाखूच्या वखारीसमोर उभी होती, सुदैवानं खाली फरशी. चार फुल्या मारल्या आणि तिघांनी गाडी ढकलली. दोन्ही कर्णांत फरक ३ मिलिमीटर. मी दोनदा मोजलं. आमच्याकडं मायक्रॉनवरनं भांडणं होतात, त्यामुळं ३ मिलिमीटरला जीव धजत नव्हता, पण फिटर म्हणाला "सीदा ऐती री", सरळ आहे. चासी नंबर स्वच्छ. समोरच्या टोकांना कुठं घडी नाही, वेल्डिंग नाही. एजंट माझ्याकडं बघत उभा, सांगितलं होतं की नाही अशा चेहऱ्यानं.

मग काचेची चौकट. बिजागऱ्यांच्या बोल्टांवर कंपनीचा रंग जसाच्या तसा. बोनेटच्या बोल्टांना पाना लागलेला नाही. मडगार्ड बदललं म्हणाला होता, ते जुनंच, वरून नुसतं रंगवलेलं. मी खूश व्हायला लागलो होतो. मेव्हण्यानं कोपर मारलं, "अरे, हिला काहीच लागलेलं नाही. मग टोटल लॉस कशानं झाली?"

तिथून आम्ही उलटं बघायला लागलो.

ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी राखाडी रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले. डॅशबोर्डखाली मोबाइलची बॅटरी मारली तर दोन जोड नवे चकचकीत आणि त्यांच्या शेजारचा हिरवागार. फिटरनं पुढच्या डिफ्रन्शियलचा बोल्ट सोडला. बोटाला आलं ते ऑइल दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं, म्हणजे आत पाणी गेलेलं. त्याच्या मते फोर व्हीलचा लिव्हर जड पडतो तोसुद्धा पाण्यामुळंच, बाजूच्या मोकळ्या मातीत टाकून बघितला तर फोर लो, म्हणजे हळू पण जास्त ताकदीचा गिअर, तिसऱ्या दणक्याला पडला.

पण मला पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. चाकांच्या आतल्या बाजूला तांबडी माती होती. ती ओळखीची, चंदगड असो की जांबोटी, आमच्याकडं कपड्यांवरनं जात नाही ती हीच. चोर्ला घाटातही तीच. अण्णांनी चासी बघ म्हटलं होतं म्हणून मी चासीच्या भोकात बोट घातलं आणि नखानं खरवडलं. आतून काळा गाळ निघाला. मऊ, वस्त्रगाळ पिठासारखा, वाळून पापुद्रे झालेला. दोन बोटांत चुरगाळला तर खडा नाही की वाळू नाही. हा गाळ घाटातला नव्हे. हा नदीनं निवांत बसवलेला गाळ, कृष्णाकाठचा. तळहातावर डावीकडं चाकाची तांबडी माती घेतली, उजवीकडं हा, आणि एजंटापुढं हात धरला. तो काही बोलला नाही. फिटर बोलला, "नीर कुडदैत्री गाडी." गाडी पाणी प्यायलीय.

फायलीत सांगलीच्या गॅरेजचं एक जुनं बिल होतं. रात्री त्यावरच्या नंबरावर फोन लावला. पहिला मालक एकदम मोकळा माणूस. म्हणाला, "२०२१ चा जुलै हो. आम्ही माणसं आणि म्हशी वर काढल्या, गाडी दारात राहिली. तीन दिवस बोनेट दिसत नव्हतं. कंपनीनं पैसे दिले, पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. चालते का अजून?" शेवटचं त्यानं इतक्या मायेनं विचारलं की मी चालते म्हणालो.

त्याच दिवसांत इकडं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, निपाणीकरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे एजंटाला पुराची गाडी ओळखता येत नाही, हे मला पटत नाही.

सोमवारी त्याचा फोन आला. ३ लाख २० ला देतो म्हणाला, वायरिंग नवीन घालून. मी म्हटलं, चासीबद्दल तुम्ही खरंच बोलला होता, बोटसुद्धा लागलेलं नाही तिला. तो हसला. मीही हसलो. गाडी घेतली नाही.

कागदवाला_चिक्कोडी

खरोखर पलटी झालेली असती तर या किमतीला मी घे म्हटलं असतं. पत्रा ठोकून येतो.

जिप्सी_हलगा

हॉर्न वाचला तुझा.

काजूबाग_खानापूर

बेळगावात अनगोळला एक केए-२२ ची बोलेरो फोर व्हील ड्राइव्ह कळलीय. मालक स्वतःच सांगतो, झाडावर घातली होती, समोरून ठोकलेली आहे. अण्णा, पुढच्या रविवारी मोकळे आहात काय? ओळंबा गवंडी मामांना परत दिला, पण मी नवीन घेतलाय.