समुद्रतळावरच्या वेधशाळा: अंदमानजवळ भारतानं केबल टाकावी का?

सागरवेध:
११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागाजवळ समुद्राखाली भूकंप झाला आणि अवघ्या ३ मिनिटांत जपाननं त्सुनामीचा इशारा दिला. पण पहिल्या अंदाजात भूकंप ७.९ रिश्टरच्या आसपासचा धरला होता, तो निघाला ९.० चा. तिथल्या इवाते आणि फुकुशिमा या प्रांतांना ३ मीटर लाटेचा इशारा गेला. समुद्राकाठची आपली भिंत त्याहून उंच आहे म्हणून काही लोक जागेवरच थांबले.

समुद्राखालचा एवढा मोठा भूकंप जमिनीवरच्या यंत्रांनी पहिल्या मिनिटांत नीट मोजता येत नाही. म्हणून जपाननं पुढे उत्तरेच्या होक्काइदोपासून टोकियोजवळच्या बोसोपर्यंत समुद्रतळावर एस-नेट ही वेधशाळांची साखळी उभारली: सुमारे ५,५०० किलोमीटर केबल, तिच्यावर १५० केंद्रं. प्रत्येक केंद्रात भूकंपमापक आणि पाण्याचा दाब मोजणारं यंत्र. लाट वरून गेली की तळावरचा दाब बदलतो, म्हणजे भूकंपावरून लाटेचा तर्क करायचा नाही, लाटच मोजायची. अंदमान-निकोबारच्या पश्चिमेच्या गर्तेत, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल घळीत, आपल्यालाही हे हवं, असं माझं ठाम मत आहे.

घाटमाथा:
विरोध आहे. इवातेतल्या कामाइशी शहरासमोर समुद्रात १९९६ पासून टोकियो विद्यापीठाची अशीच केबल होती. तिच्या दाबमापकांनी २०११ ची लाट नोंदवली, समुद्र सुमारे ५ मीटर चढल्याचं त्यात दिसतं. पण केबलचं किनाऱ्यावरचं केंद्र त्याच लाटेत गेलं. पुढे समुद्रातल्या जीपीएस बोयामुळे (पाण्यावर तरंगणाऱ्या मापकामुळे) ३ वाजून १४ मिनिटांनी इशारा वाढवला, तोवर वीज गेली होती आणि कित्येकांना नवा आकडा कळलाच नाही.

२००४ मध्ये चेन्नईला लाट पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला होता. तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्रात ती आहे, समुद्रात बोयेही आहेत. राहिलं निकोबार. तिथे लाट काही मिनिटांत येते, जोराचा हादरा बसला की उंचावर पळायचं. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोकडून त्सुनामीसज्ज म्हणून मान्यता मिळाली, ती सराव आणि सुटकेच्या वाटांच्या जोरावर. पैसा तिथे घाला.

भूपट्ट:
घाटमाथा, हादऱ्याची वाट बघा हे सांगणं धोक्याचं आहे. १५ जून १८९६ ला जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर हादरा इतका सौम्य होता की लोकांनी लक्षच दिलं नाही, आणि सुमारे २२ हजार माणसं गेली. २५ ऑक्टोबर २०१० ला सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांवर तसंच झालं, ४०० हून जास्त बळी. काही भूकंपांत तळ सावकाश सरकतो. जमीन फारशी थरथरत नाही, पाणी मात्र उचललं जातं. मेंतावाई आणि निकोबार एकाच सुंदा गर्तेच्या काठावर आहेत. असा भूकंप पकडायला दाबमापकाशिवाय काय आहे तुमच्याकडे?

हर्णैकर:
आमच्या कोकणात या विषयावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. २८ नोव्हेंबर १९४५ च्या, पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. तिथून इथे यायला काही तास लागतात, तेव्हा इशाऱ्यासाठी केबल कोकणाला नको हे मान्य. पण नुसत्या बोयांवर विसंबता येत नाही: बोयाभोवती मासे जमतात, होड्या तिथे जातात, बोयाला दोर बांधतात, मोडतोड होते. शिवाय अरबी समुद्रात २०० मीटरखाली ऑक्सिजन फार कमी असलेला थर आहे. तो वर सरकला की मासळीवर परिणाम होतो. कॅनडानं व्हँकूव्हर बेटासमोर नेपच्यून या समुद्रतळावरच्या वेधशाळेची ८०० किलोमीटर केबल टाकून ऑक्सिजन, तापमान, देवमाशांचे आवाज सतत मोजायला घेतले आहेत. मच्छीमाराला असा आकडा रोज मिळाला तर यंत्र त्याचंही होईल. आज परवान्यासाठी खेटे घालण्यापलीकडे समुद्राच्या कारभाराशी त्याचा संबंध येत नाही.

घाटमाथा:
हर्णैकरांचा मुद्दा पटला, भूपट्ट यांचाही निम्मा. पण मेंतावाईच्या लाटेला काही मिनिटंच लागली होती. तुमचा दाबमापक हैदराबादला कळवेल, हैदराबाद पोर्ट ब्लेअरला, तिथून शेवटच्या पाड्यावर कोण सांगणार? गावात भोंगा आणि सरावलेली माणसं नसतील तर केबलनं काही साधणार नाही.

सागरवेध:
भोंगा हवाच, त्यावर वाद नाही. मात्र खर्चाचं एक बघा. चेन्नई ते अंदमान-निकोबार अशी सुमारे २,३०० किलोमीटरची दूरसंचार केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, खर्च १,२२४ कोटी. ती याच गर्तेवरून जाते. पोर्तुगाल अझोरिस आणि मदेइराला जोडणाऱ्या नव्या केबलमध्येच भूकंपमापक, दाबमापक आणि तापमापक बसवायच्या तयारीत आहे. बेटांना पुढची केबल जाईल तेव्हा निविदेतच ही अट घालावी.

घाटमाथा:
त्याच निविदेत निकोबारच्या भोंग्यांचा खर्च धरला, तर माझा विरोध नाही.