तिसरा महिना, ताप नाही, तरी झिकाची तपासणी का?

मुंढवा_पूर्व
आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत झिकाचा रुग्ण सापडलाय. काल आरोग्य सेविका आल्या होत्या. मी तिसऱ्या महिन्यात आहे हे कळल्यावर रक्त आणि लघवी दोन्हीचे नमुने घेतले, एनआयव्हीला (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) पाठवणार म्हणाल्या. मला ताप नाही, पुरळ नाही, डोळे लाल नाहीत. मग तपासणी का? रात्रभर झिकामुळे लहान डोक्याची जन्मलेल्या ब्राझीलच्या बाळांचे फोटो बघत बसले. अहो म्हणतात, आपल्याकडचा विषाणू वेगळा आहे, तसं काही होत नाही. हे खरं आहे का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

शनिवारपेठी
उगाच घाबरू नका. झिका भारतात 1952 पासून आहे. इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडलं नाही. साधा ताप असतो, पॅरासिटामॉल घेतली की उतरतो.

कीटक_समाहारक
ताई, आरोग्य खात्यात कीटक समाहारक म्हणून माझी नोकरी झाली. घरोघर रांजण, टाक्या, फ्रिजमागचे ट्रे उपसून डासांच्या अळ्या शोधायच्या, हे काम. त्यामुळे या विषयाचं वाचन सुटलेलं नाही.

ताप नसलेल्या गरोदर बाईसाठीच ही तपासणी आहे. पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावर 2007 मध्ये साथ आली, तेव्हा तीन वर्षांवरच्या सुमारे 73 टक्के लोकांना संसर्ग झाल्याचा अंदाज निघाला. आजारी पडले ते त्यांतले जेमतेम 18 टक्के. बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. ताप येण्याची वाट बघितली तर बहुतेक संसर्ग हातातून निसटतात. लघवी घेतात कारण रक्तात विषाणू साधारण आठवडाभरच सापडतो, लघवीत त्याहून जास्त दिवस.

आपल्या पुरंदरातलंच बेलसर घ्या. जुलै 2021 मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. एनआयव्हीच्या पथकाने 41 जणांचे नमुने घेतले, त्यांत चिकुनगुनियाचे 25, डेंग्यूचे 3 आणि झिकाचा 1. राज्यातला तो पहिला रुग्ण. त्या बाईंना चिकुनगुनियाही होता. म्हणजे नुसता चिकुनगुनियाचा रिपोर्ट बघून फाइल बंद केली असती, तर महाराष्ट्रात झिका आहे हे तेव्हा कळलंच नसतं. शोधलं म्हणून सापडला.

शनिवारपेठी, 1952 बद्दल. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (म्हणजे आजची एनआयव्ही) तेव्हा देशभरातले रक्तनमुने तपासले. 196 पैकी 33 जणांत झिकाविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दिसली. पण झिका आणि डेंग्यू एकाच कुळातले. एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत गल्लत करतात, आणि डेंग्यू आपल्याकडे जुनाच. त्या आकड्यावरून विषाणू बहुधा फिरत होता इतकंच म्हणता येतं. बाळांना काही झालं नाही, हे त्यातून निघत नाही, कारण त्या नजरेने बाळं कुणी तपासलीच नव्हती. ब्राझीलमध्येही 2015 ला ईशान्य भागातल्या डॉक्टरांना लहान डोक्याची बाळं एकामागोमाग दिसायला लागली, म्हणून शोध सुरू झाला.

आता वेगळ्या विषाणूचं. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की विषाणूतल्या एका ठरावीक बदलानंतर तो उंदरांच्या मेंदूला जास्त इजा करतो. राजस्थानात 2018 ला साथ आली, तेव्हाच्या विषाणूत एनआयव्हीला तो बदल सापडला नाही. अहोंनी वाचलं ते बहुधा हेच. पण थायलंडमध्ये आशियाई वंशाच्याच (आपल्याकडचाही त्यातलाच) विषाणूची लागण झालेल्या तीन गरोदर बायकांचा अभ्यास झालाय. एकीला नवव्या आठवड्यात लागण झाली, दुसऱ्या दोघींना विसाव्या आणि चोविसाव्या. डोकं लहान राहिलं ते फक्त पहिलीच्या बाळाचं. तिघींवरून नियम काढता येत नाही, पण “आपला विषाणू सौम्य” या भरवशावर तिसऱ्या महिन्यातल्या बाईला सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

आणि लागण झाली म्हणजे बाळाला इजा होणारच, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की लागण झालेल्या मातांच्या बाळांपैकी 5 ते 15 टक्क्यांत काही ना काही दोष आढळतो. उरलेली बहुसंख्य बाळं ठीक असतात. ते फोटो बघणं आजच बंद करा.

मुंढवा_पूर्व
दादा, खूप आभार. थोडा जीव शांत झाला. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर सुटले ना? आणि अहो रोज बांधकामाच्या साइटवर असतात, त्यांचं काय?

कीटक_समाहारक
निगेटिव्ह म्हणजे नमुना दिला त्या वेळी विषाणू मिळाला नाही, एवढंच. महिन्यापूर्वीची लागण त्यात बहुधा दिसणार नाही, उद्याचीही नाही. म्हणून 18 ते 20 आठवड्यांची अ‍ॅनोमली सोनोग्राफी (बाळात काही दोष आहे का ते बघणारी) चुकवू नका आणि शेजारी रुग्ण निघाल्याचं तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पुढे डोक्याच्या घेराकडे लक्ष ठेवून सोनोग्राफी केव्हा करायची ते त्या ठरवतील.

अहोंचं विचारलंत ते फार बरं केलंत. हा विषाणू वीर्यात बरेच दिवस टिकतो आणि शरीरसंबंधातून पसरतो. बेलसरला म्हणूनच आरोग्य खात्याने निरोध वाटले होते. गरोदरपण संपेपर्यंत निरोध वापरा, त्यांना ताप असो वा नसो. साइटवर पिंप, क्युरिंगचं साचलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, सगळीकडे झिका पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. त्यांनी मुकादमाला सांगून आठवड्यातून एकदा ते पाणी काढायला लावावं.

शनिवारपेठी
माहिती नव्हती, मागचं मागे घेतो. आमच्याकडे परवाच धूर फवारणी झाली, तेवढं पुरेल का?

कीटक_समाहारक
नाही. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवे डास तयार. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, कडा काथ्याने घासायची. वापराचं पाणी उपसता येत नसेल तर अबेट (अळ्या मारणारं औषध) टाकून घ्या, हौद असेल तर गप्पी मासे सोडा. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. ताई, दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम गरोदरपणात चालतं, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे लावा.

रिपोर्ट आला की इथे कळवा. पॉझिटिव्ह आलाच तर तो घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आधी गूगल उघडू नका.